इंग्रजीत पंक्चर ‘काढत’ नाहीत

वाचकाचं पत्र:

“मी मिरजेजवळच्या एका गावची, वय २७, बी.एस्सी. नर्सिंग. सध्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या भागाला, ७ बँड (गुणांची पातळी) लागतात. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा ६ आले. मागच्या वेळी पहिल्याच भागात सायकलवर प्रश्न निघाले. ‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?’ यावर मी पाठ केलेलं बोलले: ‘येस, आय वॉज हॅविंग अ बायसायकल. बायसायकल इज ॲन इको-फ्रेंडली व्हेइकल. इट डझ नॉट क्रिएट पोल्यूशन अँड इट इज गुड फॉर हेल्थ.’ लगेच पुढचा प्रश्न आला, शिकायला अवघड गेलं का? आणि मी अडकले. दादाच्या मोठ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून मी शिकले, कॅनॉलच्या रस्त्याला पडले, गुडघा फुटला, सगळं डोळ्यांसमोर होतं. तोंडातून निघालं फक्त ‘इट वॉज व्हेरी डिफिकल्ट’. क्लासमध्ये सांगतात, अवघड शब्द पाठ करा. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे. नक्की काय करू?”

सल्ला:

ताई, पत्रातली तुमची दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचा. एक परीक्षकाला दिलेलं, दुसरं आम्हाला मराठीत लिहिलेलं. दादाची सायकल, दांडी, कॅनॉलचा रस्ता, गुडघा या दुसऱ्या उत्तरात ७ बँडला लागणारा सगळा मालमसाला आहे. तेच इंग्रजीत आणायचं. पर्यावरणाचा निबंध परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवून जा.

त्याचं कारण गुण देण्याच्या पद्धतीत आहे. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. पहिली ४-५ मिनिटं तुमच्या रोजच्या आयुष्यावर छोटे प्रश्न, मग परीक्षकाने दिलेल्या कार्डावरच्या विषयावर एक मिनिट तयारी करून एक ते दोन मिनिटं सलग बोलणं, शेवटी ४-५ मिनिटं चर्चा. गुण चार गोष्टींना आणि चारही सारख्या वजनाच्या: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. विचार किती थोर आहे याला गुण नाहीत. सायकल पर्यावरणाला चांगली असते हे बरोबरच आहे, पण ते सांगून पाव बँडसुद्धा वाढत नाही. उलट प्रश्न विचारला भूतकाळाचा आणि तुमच्याबद्दलचा. उत्तर आलं वर्तमानकाळात आणि जगातल्या समस्त सायकलींबद्दल. पाठांतराचा सूर सपाट असतो, तो लगेच ऐकू येतो. मग परीक्षक पुढच्या प्रश्नावर जातो, तिथे पाठ केलेलं काही नसतं आणि आधीच्या ओघाची नंतरच्या अडखळण्याशी तुलना होते. तुमचं नेमकं हेच झालं.

६ आणि ७ मधला फरक ढोबळमानाने असा: ६ वाला बोलायला तयार असतो, पण मध्ये मध्ये अडखळून, तेच तेच बोलून धागा सोडतो. ७ वाला फार कष्ट न दिसता लांबवर बोलतो, त्याची बरीच वाक्यं बिनचूक असतात आणि कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो याची त्याला जाण असते. हा शेवटचा मुद्दा तुमच्या क्लासमध्ये सुटलेला दिसतो. ‘सस्टेनेबल’, ‘सेडेंटरी’ असले शब्द पाठ करून ही जाण दिसत नाही. ती दिसते साध्या क्रियापदांत, आणि सायकलच्या बाबतीत मराठी माणूस सगळ्यात जास्त तिथेच चुकतो.

आपण सायकल ‘चालवतो’, म्हणून तोंडात ‘ड्राइव्ह’ येतं. इंग्रजीत ज्यावर टांग टाकून बसतात ते ‘राइड’ करतात: राइड, रोड, रिडन. आपण ‘सायकल शिकलो’, म्हणून ‘आय लर्न्ड सायकल’ येतं. हवं ‘आय लर्न्ड टू राइड अ बाइक’. ‘मला सायकल येते’ म्हणजे ‘आय कॅन राइड अ बाइक’. ‘सायकलने गेले’ याला ‘बाय बाइक’ चालेल, पण ‘माझ्या’ आलं की ‘बाय’ जातं आणि ‘ऑन माय बाइक’ होतं. सायकलवरून पडणं म्हणजे ‘फेल ऑफ’. तिथे ‘फेल डाउन फ्रॉम द सायकल’ नको. चेन पडली तर ‘द चेन फेल’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटेल साखळी सुटून रस्त्यावर जाऊन पडली. ‘द चेन केम ऑफ’ म्हणा. टायरमध्ये हवा ‘फिल’ करत नाहीत, ‘पम्प अप द टायर्स’ म्हणतात. सायकल हातात धरून चालत नेली तर ‘आय पुश्ट इट होम’. कुणाला धडकलात तर ‘डॅश’ हा शब्द आपल्याकडेच या अर्थाने चालतो. बाहेर ‘आय रॅन इंटू अ वॉल’. डबलसीट नेलं हे ‘आय गेव्ह माय सिस्टर अ लिफ्ट ऑन द बॅक’.

गुडघा ‘फुटला’ हे तर तुम्ही जपूनच सांगा. ‘माय नी वॉज ब्रोकन’ म्हणालात की ऐकणारा वाटी फ्रॅक्चर झाली असं धरून चालतो. तुम्हाला सांगायचंय सालटं निघालं: ‘आय ग्रेझ्ड माय नी’ किंवा ‘आय स्क्रेप्ट माय नी’. वॉर्डात पुढे रोज लागणारा शब्द आहे, आत्ताच पक्का करा.

आता पंक्चर. आपण पंक्चर ‘काढतो’, म्हणून ‘ही रिमूव्ह्ड द पंक्चर’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत पंक्चर ‘फिक्स’ करतात किंवा ‘मेंड’ करतात, आणि सायकल पंक्चर झाली हे ‘माय सायकल वॉज पंक्चर’ नसून ‘आय गॉट अ पंक्चर’ किंवा ‘आय हॅड अ फ्लॅट टायर’ आहे. या एका कामावर थोडा वेळ खर्च करा, कारण यात क्रम आहे आणि क्रमाने सांगणं म्हणजेच सुसंगती. सायकलच्या दुकानात घडतं तसं बघा. दुकानदार टायरची कड लिव्हरने रिमवरून उचलून ट्यूब बाहेर काढतो: ‘ही टुक द इनर ट्यूब आउट’. थोडी हवा भरून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो: ‘ही हेल्ड इट अंडर वॉटर अँड लुक्ट फॉर बबल्स’. ती जागा पुसून पॉलिश पेपरने घासतो, कारण गुळगुळीत रबरावर पॅच धरत नाही: ‘ही रब्ड इट विथ सँडपेपर सो दॅट द पॅच वुड स्टिक’. मग सोल्युशन लावतो, ते जरा सुकू देतो आणि पॅच दाबून बसवतो: ‘ही पुट सम ग्लू ऑन, वेटिड फॉर अ मिनिट ऑर टू, अँड प्रेस्ट द पॅच डाउन’. इथे ‘सोल्युशन’ म्हणायचा मोह आवरा. सुट्या ‘सोल्युशन’चा अर्थ समोरचा उपाय किंवा द्रावण असा घेईल, ‘ग्लू’ने काम होतं. शेवटी टायर आतून बोटाने चाचपतो, काटा अजून रुतलेला असला तर तासाभरात दुसरं पंक्चर ठरलेलं: ‘ही चेक्ट द इनसाइड ऑफ द टायर इन केस द थॉर्न वॉज स्टिल देअर’. एवढी पाच वाक्यं तुम्हाला सहज बोलता आली, तर ‘मोडलेली वस्तू तुम्ही दुरुस्त करून घेतली त्याबद्दल सांगा’ असं कार्ड आल्यावर अर्धं काम झालेलं असेल. यात एकही अवघड शब्द नाही, पण ‘सो दॅट’ आणि ‘इन केस’ या दोन जोडांनी वाक्यं आपोआप गुंतागुंतीची होतात, आणि व्याकरणाच्या गुणांत नेमकं हेच पाहतात.

एक सापळा वेगळा सांगायला हवा. महाराष्ट्रात ‘बाइक’ म्हणजे मोटरसायकल. परीक्षेतल्या इंग्रजीत ‘बाइक’ बहुधा सायकल असते. ‘डू यू ऑफन राइड अ बाइक?’ यावर पेट्रोल, मायलेज असं बोलायला लागलात की पुढचा प्रश्न भलतीकडे जातो. तुमच्या दुचाकीला ‘मोटरबाइक’ किंवा ‘स्कूटर’ म्हणा आणि सायकलला ‘बाइक’ किंवा ‘बायसिकल’. नाम म्हणून ‘सायकल’ अगदीच चुकीचं नाही, पण क्रियापद म्हणून ते जास्त शोभतं: ‘आय सायकल टू वर्क’.

दांडीखालून पाय

तुम्ही अडकलात ती जागा आता नीट बघू. मोठी काळी सायकल, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं. सीटवर बसलं तर पाय पायडलपर्यंत पोचत नाहीत, म्हणून एक पाय दांडीखालून पलीकडे घालायचा आणि तिरकं उभं राहून हाफ पायडल मारायचं. याला इंग्रजीत तयार शब्द नाही. तुम्ही तो शब्द शोधत बसलात, म्हणून थांबलात. शब्द नसेल तर वर्णन करायचं, आणि याला शब्दसंपत्तीत स्पष्ट किंमत आहे. ६ बँडपासूनच हे कौशल्य अपेक्षित असतं, ७ ला ते सफाईने जमावं लागतं. वर्णनाला तीन गोष्टी पुरतात: का केलं, शरीराने काय केलं, कसं दिसलं किंवा वाटलं.

‘इट वॉज माय ब्रदर्स बाइक अँड आय वॉज टू शॉर्ट टू रीच द पेडल्स फ्रॉम द सीट. सो आय यूस्ट टू पुट वन लेग थ्रू द फ्रेम, अंडर द क्रॉसबार, अँड राइड इट स्टँडिंग अप, सॉर्ट ऑफ लीनिंग टू वन साइड. लॉट्स ऑफ किड्स इन माय व्हिलेज लर्न्ड दॅट वे.’

मोठ्याने वाचा, वीसेक सेकंद लागतात. पहिल्या भागातल्या उत्तराला एवढी लांबी उत्तम, दोन ते चार वाक्यं. यातला नवा शब्द एकच, ‘क्रॉसबार’, म्हणजे आपली दांडी. ‘टू शॉर्ट टू रीच’ ही रचना आणि सवयीसाठी ‘यूस्ट टू’ यांनी व्याकरणाचं काम केलं. ‘यूस्ट टू’च्या पुढे मूळ क्रियापद येतं, ‘यूस्ट टू राइड’. ‘आय ॲम यूस्ट टू रायडिंग’ म्हणजे मला त्याची सवय झाली आहे, ते वेगळं. आणि ‘आय वॉज हॅविंग अ बायसायकल’ आजपासून बंद. वस्तू जवळ असणं याला ‘हॅविंग’ लागत नाही: ‘आय हॅड अ बाइक’. अजूनही तीच सायकल असेल तर ‘आय हॅव हॅड इट सिन्स २०१२’ असं येऊ द्या. ‘सिन्स चाइल्डहूड आय ॲम रायडिंग’ ही खास आपली चूक आहे. ‘लहानपणापासून चालवतेय’चं ते शब्दशः इंग्रजी. तिथे ‘आय हॅव बीन रायडिंग सिन्स आय वॉज अ चाइल्ड’.

तेव्हा आयत्या वेळी वर्ष आठवत नसेल तर गप्प बसू नका, आठवणं मोठ्याने करा: ‘आय मस्ट हॅव बीन अबाउट टेन’. विचाराला दोन सेकंद मिळतात आणि एक चांगली रचनाही कानावर जाते. ‘फिफ्थ स्टँडर्डला होते’ यापेक्षा वय सांगणं सोपं, कारण आपली इयत्ता बाहेरच्याला मोजावी लागते.

उच्चार

मराठी वळण असणं हा दोष नाही. शब्द दुसराच ऐकू आला तर दोष. सायकलच्या विषयात असे चार-पाच शब्द आहेत. ‘बायसिकल’मध्ये मधला स्वर ‘सि’ आहे आणि जोर ‘बाय’वर. ‘साय’ राहतो तो ‘मोटरसायकल’मध्ये, त्यामुळेच आपली ‘बायसायकल’ होते. ‘पेडल’ म्हणा, ‘पॅडल’ म्हणजे वल्हं. ‘व्हेइकल’ नव्हे, ‘व्ही-इकल’, मधला ह नाही. ‘व्हील’ला ओठ शीळ घालताना होतात तसे गोल करा, ‘व्ही-इकल’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. आपल्या व मध्ये हे दोन्ही मिसळून जातात, म्हणून दोन्ही शब्द आरशासमोर आलटून पालटून वीस वेळा म्हणा, ओठ बदलताना दिसले पाहिजेत.

शेवटचा ‘ईडी’ हा मोठा प्रश्न आहे, कारण गोष्ट भूतकाळात असते आणि तो गिळला की व्याकरण आणि उच्चार दोन्हीकडे गुण जातात. लिहिलं सगळीकडे सारखंच जातं, बोलताना तीन प्रकार होतात. ‘पुश्ट’, ‘पम्प्ट’, ‘फिक्स्ट’, ‘ब्रेक्ट’ इथे ट. ‘पेडल्ड’, ‘ग्रेझ्ड’, ‘लर्न्ड’ इथे ड. ‘स्टार्टिड’, ‘मेंडिड’, ‘वेटिड’ इथे इड, कारण मूळ शब्दच ट किंवा ड ने संपतो. ‘पुशेड’, ‘पंपेड’ असं वेगळं अक्षर जोडू नका.

मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत जोराचे शब्द लांबतात आणि मधले दबतात. ‘आय फेल ऑफ माय ब्रदर्स बाइक’ यात टाळ्या तीनच: फेल, ब्रदर्स, बाइक. ‘ऑफ माय’ घाईत जातं, आणि ‘फेल ऑफ’ तर ‘फेलॉफ’ असं जोडूनच येतं. टाळ्या वाजवत रोज दहा वाक्यं म्हणा. सपाट सूर मोडायला याहून सोपा उपाय नाही.

कार्डाची दोन मिनिटं

सायकल तुम्हाला मुख्यतः पहिल्या भागात भेटेल, पण दुसऱ्या भागातल्या कितीतरी कार्डांना ती चालते: लहानपणी शिकलेलं कौशल्य, मिळालेली भेट, लक्षात राहिलेला प्रवास, ज्याने मदत केली असा माणूस, दुरुस्त केलेली वस्तू. एकच आठवण पाच दिशांनी सांगायचा सराव करा. पाचही वेळा शब्द वेगळे आले पाहिजेत; तेच आले तर पाठांतर सुरू झालं असं समजा.

एका मिनिटात कागदावर दहा-बारा शब्दच मावतात. टिपणाला गुण नसतात, मराठीत लिहिलं तरी चालतं. आमचं मत असं की नामं मराठीत लिहा आणि क्रियापदं इंग्रजीत. ‘दादा’, ‘कॅनॉल’ कुठे जात नाहीत. ऐन वेळी चुकतं ते क्रियापद. तुमचं टिपण असं होईल: दादाची २२ इंची, टू शॉर्ट टू रीच, कॅनॉल, होल्डिंग, हॅड लेट गो, ग्रेझ्ड, आता.

यातला ‘हॅड लेट गो’ म्हणजे गोष्टीचा कणा आहे. दादा मागून कॅरिअर धरून धावतोय, तुम्हाला वाटतंय त्याने धरलंय, आणि त्याने केव्हाच सोडलंय. ‘आय वॉज गोइंग डाउन द कॅनॉल रोड, माय ब्रदर वॉज रनिंग बिहाइंड मी, होल्डिंग द कॅरिअर, अँड आय डिडन्ट रियलाइज दॅट ही हॅड लेट गो. द मोमेंट आय लुक्ट बॅक, आय फेल ऑफ.’ चालू असलेली क्रिया, त्याआधीच घडून गेलेली क्रिया आणि अचानक घडलेली क्रिया, तीन काळ दोन वाक्यांत आले आणि एकही ओढून आणलेला नाही. ‘हॅड’ इथे लागतोच, कारण सोडणं आधी घडलं आणि कळणं नंतर. तो काढून बघा, गोष्टीचा क्रमच विस्कटतो. व्याकरणाचं पुस्तक उघडून ‘पास्ट परफेक्ट कुठे वापरू’ असा शोध घेण्यापेक्षा आपल्या आठवणीत अशी जागा शोधणं केव्हाही चांगलं.

साधारण वेगाने दोन मिनिटांत सव्वादोनशे ते अडीचशे शब्द होतात. बहुतेकांचं सव्वा मिनिटात संपतं, कारण सगळे पडण्यापर्यंत येऊन थांबतात. पुढे दोन गोष्टी ठेवा: पडल्यावर काय केलं आणि आज सायकलशी तुमचं नातं काय आहे. शेवटी ‘दॅट्स ऑल’ म्हणायची गरज नाही. परीक्षक स्वतः थांबवेपर्यंत बोलत राहा.

चर्चेचा भाग

तिसऱ्या भागात प्रश्न समाजाचे होतात: शहरांत सायकली कमी का झाल्या, सरकारने वेगळे मार्ग बांधावेत का, मुलांनी सायकलने शाळेत जावं का. इथे लोक ‘इट हॅज मेनी ॲडव्हांटेजेस अँड डिसॲडव्हांटेजेस’ म्हणून तीन-तीन फायदे-तोटे मोजतात. मोजू नका. एकच कारण घ्या, ते कसं घडतं ते सांगा, एक खरं उदाहरण द्या आणि ते कुठे लागू पडत नाही तेही सांगा. पुण्याचं उदाहरण हाताशी आहे. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून त्याचं नाव होतं; मग शहर पसरलं, घर आणि काम यांतलं अंतर वाढलं, दुचाकी हप्त्यांवर मिळू लागली. सायकल मार्ग आखले गेले, पण अनेक ठिकाणी त्यांवर गाड्या लागतात. ‘पुणे यूस्ट टू बी नोन ॲज अ सिटी ऑफ बायसिकल्स, बट ॲज द सिटी ग्रू, पीपल हॅड टू ट्रॅव्हल मच फर्दर टू वर्क. देअर आर सायकल लेन्स, बट पीपल पार्क ऑन देम, सो सायक्लिस्ट्स एंड अप बॅक इन द ट्रॅफिक.’ ‘एंड अप’ तोंडात बसवून घ्या, नको असलेला परिणाम सांगायला तो फार सोयीचा आहे.

परदेशाचं उदाहरण द्यायचं तर नेदरलँड्स. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी बोललं जातं ते हे, की तिथेही १९५० आणि ६० च्या दशकांत मोटारींनी रस्ते व्यापले होते. ७० च्या दशकात रस्त्यावर मुलं मरतात म्हणून लोकांनी आंदोलनं केली, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या आणि मग धोरण हळूहळू वळलं. म्हणजे ‘इट वॉजन्ट ऑलवेज लाइक दॅट’ असं सुरू करून कारण आणि परिणाम सांगता येतात. पण तारखा आठवल्या नाहीत तर सोडून द्या, ही सामान्य ज्ञानाची परीक्षा नाही.

तुमच्याकडे याहून चांगलं उदाहरण आहे, तुमचं काम. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला जागेवरच्या सायकलवर बसवतात, कारण शरीराचा सगळा भार न पडता गुडघा वाकतो. ‘गुड फॉर हेल्थ’च्या ऐवजी हे सांगा: ‘ॲट वर्क आय सी पेशंट्स हू आर पुट ऑन ॲन एक्सरसाइज बाइक आफ्टर नी सर्जरी, बिकॉज इट गेट्स द जॉइंट मूव्हिंग विदाउट पुटिंग देअर फुल वेट ऑन इट.’ हे वाक्य क्लासच्या नोट्समध्ये कुणाकडे नसेल.

सहा आठवडे

ड्यूटीनंतर रोज २५ मिनिटं काढा. पहिले दोन आठवडे फक्त क्रियापदं आणि पंक्चरचा क्रम. हातात सायकल असली तर उत्तम: चेन चढवताना, हवा भरताना जे करताय ते इंग्रजीत बोला. तिसऱ्या आठवड्यापासून फोनवर ध्वनिमुद्रण. एकच आठवण आधी दोन मिनिटांत, लगेच दीड मिनिटात, लगेच एका मिनिटात सांगा. मजकूर तोच असल्याने डोकं भाषेसाठी मोकळं होतं आणि तिसऱ्यांदा अडखळणं लक्षणीय कमी होतं. मात्र काही लिहून काढू नका. लिहिलं की वाक्य गोठतं, मग एक शब्द विसरलात की सगळं बंद पडतं.

मुद्रण तीनदा ऐका, प्रत्येक वेळी एकाच गोष्टीसाठी. पहिल्यांदा क्रियापदं: गोष्ट भूतकाळात सुरू होऊन मध्येच ‘ही रन बिहाइंड मी’ असं झालं का? दुसऱ्यांदा ‘अ’ आणि ‘द’: मराठीत ही सोय नसल्याने ती राहून जातात. पहिल्यांदा आली तेव्हा ‘अ बाइक’, नंतर ‘द बाइक’. एका मिनिटात किती सुटली ते मोजून कॅलेंडरवर आकडा टाका. तिसऱ्यांदा थांबे: दोन सेकंदांहून मोठा थांबा वाक्याच्या शेवटी असेल तर ठीक, ‘द’ आणि नामाच्या मध्ये असेल तर तिथे शब्द शोधत होतात, तो शब्द वहीत लिहा. ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्चुअली’ किती वेळा आलं तेही याच फेरीत कळेल.

आठवड्यातून दोनदा एखाद्या सहकारी मैत्रिणीला समोर बसवा. तिचं इंग्रजी चांगलं असायची गरज नाही. तिने फक्त ‘व्हाय?’, ‘व्हेन?’, ‘देन व्हॉट हॅपन्ड?’ एवढंच मध्ये मध्ये विचारायचं. पाठांतर तोडायला हे तीन प्रश्न पुरे.

परीक्षेच्या खोलीत प्रश्न कळला नाही तर पहिल्या भागात ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट?’ म्हणा, तो प्रश्न पुन्हा वाचून दाखवला जातो, सहसा समजावून सांगत नाहीत. तिसऱ्या भागात ‘डू यू मीन...?’ असं विचारून खुलासा घेता येतो. चूक लक्षात आली तर एकदा दुरुस्त करा आणि पुढे जा. प्रत्येक वाक्य दोनदा सुरू केलं की ओघाचे गुण कमी होतात. परीक्षकाचा चेहरा कोरा असेल, तो सगळ्यांसाठीच तसा असतो. आणि तुम्ही कॅनॉलच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत असताना त्याने ‘थँक यू’ म्हणून थांबवलं, तर त्याचा अर्थ त्या भागाची वेळ संपली एवढाच. त्यासाठी गुण कापत नाहीत, तेव्हा वाक्य पुरं करायचा हट्ट न धरता पुढचा प्रश्न ऐका.